चुना हवेतला कार्बन फुकट पकडतो, मग बिल कशाचं येतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: विरलेला (पाणी घालून भुकटी झालेला) चुना उघड्यावर ठेवला तर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड आपोआप शोषतो आणि त्याची पुन्हा चुनखडी होते. मग ट्रेमध्ये चुना पसरून ठेवायच्या कामाला पकडलेल्या वायूच्या टनामागे शेकडो डॉलर कशाला लागतात? हे मोठ्या प्रमाणावर खरंच होण्यासारखं आहे का? आणि केमिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी यातलं काय करून पाहता येईल?

मी आधी बरीच वर्षं चुन्याच्या भट्ट्यांवर काम केलं आणि मग खनिज शोषकांकडे वळलो. त्यामुळे माझं उत्तर भट्टीच्या बाजूला झुकलेलं असेल, हे आधीच सांगून टाकतो. पण बिल खरोखर तिथेच फुटतं.

आधी हवेबद्दल. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण सगळ्यांनीच शाळेत केलेला असतो. तो इतक्या झटपट होतो कारण उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्क्याच्या जरासा वर, म्हणजे दहा लाख भागांत साधारण ४२५ भाग आहे. प्रमाण जवळपास शंभर पटींनी कमी. एक घनमीटर हवेत तो पाऊण ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे एक टन मिळवायचा तर किमान १३ लाख घनमीटर हवा चुन्याला भेटली पाहिजे, आणि तीही त्यातला एकूण एक रेणू पकडला गेला असं धरून. प्रत्यक्षात निम्मा पकडला तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे हवा २६ लाख घनमीटर.

वर्षाला दहा लाख टनांचा कारखाना असेल तर निम्म्या पकडीने सेकंदाला ८० हजार घनमीटरच्या वर हवा आत यावी लागते. वारा सेकंदाला दीड मीटर धरला तर हवेला आत यायला लागणारं तोंड होतं सुमारे ५५ हजार चौरस मीटरचं, म्हणजे २० मीटर उंच आणि पावणेतीन किलोमीटर लांब भिंत. पंख्यांनी ही हवा ओढायची आणि आतला अडथळा १०० पास्कल धरायचा, तर पंख्यांची अकार्यक्षमता मोजून टनामागे सव्वाशे युनिटच्या आसपास वीज लागते. ही वीज परवडण्यासारखी आहे, पण अट अशी की अडथळा १०० पास्कलच्या फार वर जाता कामा नये. भुकटी गच्च भरलेल्या टाकीतून हवा ढकलायची कल्पना कोणी मांडली, तर ती याच आकड्यावर गारद होते. चुना पातळ थरात पसरून वाऱ्याला त्याच्यावरून जाऊ द्यायचं, हा ट्रेचा विचार तिथूनच आला.

आता चुना हवेत पडल्यावर नेमकं काय होतं ते बघू, कारण ‘आपोआप’ या शब्दात बरंच काही दडलेलं आहे. विरलेल्या चुन्याच्या कणावर हवेतल्या ओलाव्याची अतिशय पातळ फिल्म असते. कार्बन डायऑक्साइड तिच्यात विरघळतो, चुन्यातलं कॅल्शियमही थोडं विरघळतं, आणि दोघं भेटून कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीचे, सूक्ष्म स्फटिक कणाच्या अंगावरच बसतात. अगदी कोरड्या हवेत ती फिल्मच नसते, त्यामुळे अभिक्रिया जवळजवळ थांबते. मग ओलावा भरपूर द्यावा, असं वाटेल. पण अभिक्रियेतूनही पाणी सुटतं, आणि थरातली छिद्रं पाण्याने भरली की वायूला त्या पाण्यातून वाट काढावी लागते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. म्हणजे कोरडं चालत नाही, चिखलही चालत नाही. मधली जी पट्टी आहे ती चुन्याच्या दाण्याप्रमाणे, थराच्या जाडीप्रमाणे बदलते, आणि ती सांभाळणं हे या धंद्यातलं अर्धं कसब आहे. कागदावर हे कुठे दिसत नाही.

दुसरी अडचण त्या कॅल्साइटचीच. ते कणावर कवचासारखं चढतं आणि आतला चुना हवेपासून तोडतं. म्हणून सुरुवातीचा शोष झपाट्याने होतो आणि नंतरचा रेंगाळतो. ढिगाऱ्यात पडलेला चुना आत कित्येक वर्षं कच्चा राहतो. जुन्या जाड भिंतींच्या गाभ्यातला चुन्याचा दर्जा तपासणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. उपाय फार गूढ नाहीत: दाणा बारीक, थर पातळ, अधूनमधून उलथापालथ, ओलाव्यावर नजर. एअरलूम नावाची अमेरिकी कंपनी नेमकं हेच करते. वर्षानुवर्षं लागणारी ही क्रिया तीन दिवसांवर आणल्याचा तिचा दावा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने कॅलिफोर्नियातल्या ट्रेसी इथे वर्षाला एक हजार टन क्षमतेचा प्लांट सुरू केला. एकावर एक रचलेल्या ट्रेच्या उंच मांडण्या आणि त्यांना चुना पुरवणारी विजेची भट्टी, असा त्याचा साधा आराखडा आहे.

तीन दिवस की एक वर्ष, याने एवढा फरक का पडावा? हिशेब करून बघा. एक टन विरलेला चुना पूर्ण कार्बनयुक्त झाला तर ०.५९ टन कार्बन डायऑक्साइड धरतो. ८० टक्के झाला तर ढोबळमानाने ०.४८ टन धरू. वर्षाला शंभर फेऱ्या झाल्या तर हजार टनांसाठी प्लांटमध्ये कोणत्याही वेळी २१ टन चुना फिरता लागतो. वर्षाला एकच फेरी झाली तर २,१०० टन. म्हणजे ट्रे शंभर पट, जागा शंभर पट, आणि त्यात अडकलेलं भांडवलही शंभर पट. तीन दिवसांच्या फेरीतही एक मिलिमीटर थर, म्हणजे चौरस मीटरला अर्धा किलो भुकटी धरली, तर हजार टनांसाठी सुमारे ४२ हजार चौरस मीटर ट्रे लागतात. दहा लाख टनांसाठी ४२ चौरस किलोमीटर. शंभर ट्रे एकावर एक रचले तर पायाखालची जमीन अर्ध्या चौरस किलोमीटरच्या आत येते. त्यामुळे या प्लांटना जमिनीपेक्षा ट्रे फार लागतात, आणि ट्रेचा खर्च हा लोखंडाचा, चाकांचा, यंत्रमानवांचा आणि धुळीचा खर्च असतो.

इथपर्यंतचं सगळं मी सोपं काम समजतो.

कारण चुना एकदाच वापरून फेकायचा असेल तर मुळात हा उद्योग करायचंच कारण नाही. बाजारातला प्रत्येक टन कळीचा चुना हा चुनखडी भाजून झालेला असतो, आणि भाजताना त्यातून ०.७८ टन कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून बाहेर गेलेला असतो, इंधनाचा वेगळाच. तो चुना हवेत पसरून तुम्ही फार तर तेवढाच परत आणता, सहसा त्याहूनही कमी. भुकटी हवेतून वायू शोषते एवढं दाखवून ‘कार्बन हटवला’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना एकच विचारायचं: चुना कुठल्या भट्टीतून आला, आणि त्या भट्टीचा वायू कुठे गेला?

म्हणून चक्र बंद करावं लागतं. चुनखडी भाजायची, निघालेला शुद्ध कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून जमिनीखाली गाडायचा, उरलेला कळीचा चुना पाणी घालून विरवायचा, हवेत पसरायचा, पुन्हा चुनखडी झाली की पुन्हा भट्टीत. १९९९ मध्ये क्लॉस लॅकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेतून थेट कार्बन डायऑक्साइड काढता येईल का याची मांडणी केली, तेव्हाही शोषक म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइडच, म्हणजे विरलेला चुनाच, त्यांच्या डोळ्यासमोर होतं. तेव्हापासून सगळ्यांचं डोकं एकाच पायरीवर आपटत आलं आहे, ती म्हणजे भाजणं.

चुनखडीतून एक मोल कार्बन डायऑक्साइड सोडवायला १७८ किलोजूल उष्णता लागते. टनाला हे ४.०५ गिगाजूल होतात. आता दुसऱ्या बाजूने बघा. हवेतल्या ४२५ भागांपासून शुद्ध कार्बन डायऑक्साइड वेगळा करायला निसर्गनियमांनुसार लागणारी किमान ऊर्जा मोलला १९–२० किलोजूल, म्हणजे टनाला सुमारे ०.४४ गिगाजूल आहे. आपण त्याच्या नऊपट मोजतो. का? कारण चुना वायूला गरजेपेक्षा फार घट्ट धरतो. हवेत इतका विरळ असलेला वायू पकडण्यासाठी घट्ट पकड लागते हे खरं, पण एवढी लागत नाही. शोषताना यातली बरीचशी उष्णता बाहेर पडतेच, पण ती तीन दिवसांत, हवेच्याच तापमानाला, वाऱ्यावर उधळली जाते. तिचा उपयोग शून्य. चुना विरवतानाची उष्णता, जी मोलला ६५ किलोजूलच्या आसपास आहे, ती मात्र वाचवता येते. बादलीभर पाण्यात चुना टाकून ती वाफेच्या रूपात घालवण्याऐवजी ३०० अंशांच्या वाफेने विरवलं तर उष्णता उपयोगी तापमानाला हाती लागते. कार्बन इंजिनीअरिंग या कॅनडातल्या कंपनीच्या आराखड्यात हे केलेलं आहे.

त्या कंपनीचं नाव आलंच आहे तर तिची पद्धत सांगतो, कारण तीही शेवटी चुन्याच्याच भट्टीवर उभी आहे. २००९ मध्ये डेव्हिड कीथ यांनी ती स्थापन केली. तिथे हवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणावरून नेतात. द्रावणातला कार्बोनेट मग कॅल्शियमवर उतरवून चुनखडीच्या गोळ्या करतात आणि त्या ९०० अंशांना भाजतात. द्रावण झपाट्याने शोषतं म्हणून ट्रे आणि दिवस वाचतात. बदल्यात पंप, द्रावण आणि एक जास्तीचं चक्र गळ्यात पडतं. २०१८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या हिशेबात टनामागे ९४ ते २३२ डॉलर खर्च आणि नैसर्गिक वायूवरच चालवल्यास ८.८ गिगाजूल इंधन असे आकडे आहेत. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या अहवालाने अशाच प्रकारच्या पद्धतीचा खर्च टनाला सुमारे ६०० डॉलर काढला होता. दोन्ही आकडे कागदावरचे आहेत. मी स्वतः नव्या प्लांटसाठी मोठ्याच आकड्याच्या जवळ राहीन. पहिल्या प्लांटचा खर्च खालच्या टोकाला आलेला मी कुठल्याच उद्योगात पाहिलेला नाही.

भट्टी कशावर पेटवायची हा यातला सर्वांत बोचरा प्रश्न आहे. साध्या भट्टीत इंधन हवेत जळतं, त्यामुळे निघणाऱ्या धुरात नायट्रोजनच जास्त असतो. म्हणजे हवेतून मोठ्या कष्टाने वेगळा केलेला वायू पुन्हा पातळ करून ठेवला! म्हणून एकतर शुद्ध ऑक्सिजनमध्ये इंधन जाळायचं, किंवा उष्णता बाहेरून द्यायची. वायूवरच्या ऑक्सिजन भट्टीत इंधनाचा स्वतःचा कार्बन डायऑक्साइडही पकडावा लागतो. कीथ यांच्या आराखड्यात हवेतून दहा लाख टन काढताना गाडायला एकूण १४ लाख ६० हजार टन निघतो तो यामुळेच. बाहेरून उष्णता देण्याचा नमुना म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या कॅलिक्स कंपनीची नळीभट्टी. उभ्या तापलेल्या नळीतून चुनखडीची भुकटी खाली पडते, पडतापडता भाजते, आणि वायू नळीच्या आतच शुद्ध राहतो. बेल्जियममधल्या लिक्से इथल्या सिमेंट कारखान्यात २०१९ पासून हा प्रयोग चालवला गेला आहे. नळी विजेनेही तापवता येते, म्हणून हवेतून शोषणाऱ्यांचंही तिच्याकडे लक्ष आहे.

विजेची भट्टी म्हटलं की सगळे खूश होतात. वीज कोणती ते विचारा. ४.०५ गिगाजूल म्हणजे १,१२५ युनिट, आणि हे नुसते अभिक्रियेचे. दगड तापवणं, भिंतीतून गळणारी उष्णता हे धरून १,४०० ते १,५०० युनिट समजा. वर पंखे, ट्रे हलवणं, आणि वायू गाडण्यासाठी शंभर पट दाबाला नेण्याचे आणखी शंभरेक युनिट. कोळशावरच्या विजेला युनिटमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड येतो. म्हणजे एक टन पकडण्यासाठी दीड टनाच्या वर सोडला. असा प्लांट बंद ठेवला तर हवेचं जास्त भलं होईल. आणि वीज स्वच्छ असली तरी दुसरा प्रश्न राहतोच: तीच दीड हजार युनिट विजेच्या जाळ्यात देऊन कोळशाची वीज बंद केली असती तर दीड टन आत्ताच वाचले असते. जिथे अजून कोळसा जळतोय तिथे हा हिशेब हवेतून शोषण्याच्या विरोधात जातो, हे माझं स्पष्ट मत आहे. मी याच धंद्यात असूनही.

चुन्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र जोरात बोलते. ट्रे विजेवर अवलंबून नाहीत. वीज असेल तेव्हा भाजून कळीचा चुना बंद सायलोत साठवायचा, आणि वारा आपलं काम रात्रंदिवस करत राहतो. भट्टीला चालू-बंद फारसं मानवत नाही, तिच्या अस्तराच्या विटा तडकतात. पण आच कमीजास्त करणं जमतं. सौर विजेशी जोडी जमवायला एवढं पुरेसं आहे.

आता सगळ्यात कमी बोललं जाणारं प्रकरण: चुना म्हातारा होतो. कळीचा चुना तापलेला राहिला की त्याचे बारीक कण एकमेकांत मिसळून जाड होतात, छिद्रं बुजतात, पृष्ठभाग कमी होतो. उच्च तापमानाला कार्बन डायऑक्साइड शोषण्याच्या चक्रात चुन्याची क्षमता बऱ्याच फेऱ्यांनंतर दहा टक्क्यांच्याही खाली घसरते. हवेतून शोषण्याच्या पद्धतीत विरवण्याची पायरी इथे वाचवते. पाणी आत शिरताना कण फुगून फुटतो आणि पृष्ठभाग परत उघडतो. पण जास्त भाजलेला चुना नीट विरतच नाही. म्हणून भट्टीत कमी तापमान हवं. शुद्ध कार्बन डायऑक्साइडच्या एका वातावरणाच्या दाबाला चुनखडी ९०० अंशांच्या आसपास सुटते. वायूचा दाब त्याच्या दहाव्या भागावर आणला, निर्वातपंपाने किंवा वाफ सोडून, तर ७५५ अंश पुरतात. वाफ नंतर थंड करून पाण्याच्या रूपात वेगळी होते. ती वाफ करायला लागणारी उष्णता मात्र फुकट नाही, त्यामुळे एका खिशातलं दुसऱ्या खिशात किती जातं ते प्रत्येक प्लांटने स्वतः मोजावं.

शिवाय चुना झिजतो. प्रत्येक फेरीत भुकटी पट्ट्यांवरून, सायलोतून, ट्रेतून जाते, तिची धूळ होते, काही वाऱ्यासोबत उडते. हवेतला गंधक थोडाथोडा चुन्यात जिप्सम होऊन बसतो. दगडातली सिलिका चुन्याशी जुळते आणि तेवढा चुना कायमचा निकामी होतो. म्हणून थोडा जुना माल सतत काढून नवी चुनखडी घालावी लागते. हा नवा दगड भाजताना निघणारा वायू हवेतून आलेला नसतो, तो गाडला तरी ‘हवेतून काढला’ म्हणून मोजता येत नाही. हे वजा न करता काढलेले आकडे मी बाजूला ठेवतो. धुळीबद्दल आणखी एक: विरलेल्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो. डोळ्यात गेला तर इजा होते, कातडीला भाजतं. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं तर ते उकळून अंगावर उडतं. प्रदर्शनाच्या फोटोंत पांढरेशुभ्र ट्रे छान दिसतात, पण तिथे काम करणाऱ्याला चष्मा, हातमोजे आणि मास्क लागतोच.

मग दुसरं खनिज घ्यावं का? मॅग्नेशियमचा विचार मोहात पाडणारा आहे. मॅग्नेशियम कार्बोनेट बऱ्याच कमी तापमानाला आणि बरीच कमी उष्णता घेऊन सुटतं. २०२० मध्ये नोआ मॅक्वीन आणि सहकाऱ्यांनी मॅग्नेशियम ऑक्साइड उघड्यावर वर्षभर पसरून ठेवायचं आणि मग भाजायचं अशी मांडणी केली, आणि खर्च टनाला ४६ ते १५९ डॉलर काढला. हेच मॅक्वीन एअरलूमच्या संस्थापकांपैकी एक आहेत, आणि कंपनीने प्रत्यक्षात निवडला तो चुना. माझ्या मते कारणं उघड आहेत. साध्या तापमानाला मॅग्नेशियम ऑक्साइड चुन्यापेक्षा बरंच आळशी आहे. आणि ओलसर हवेत ते नुसतं कार्बोनेट होत नाही, पाणी पोटात घेऊन नेस्क्वेहोनाइटसारखी सजल खनिजं होतात. नेस्क्वेहोनाइटमध्ये प्रत्येक कार्बन डायऑक्साइडमागे पाण्याचे तीन रेणू असतात. भट्टीत आधी ते पाणी उडवायला उष्णता जाते आणि वाचवलेली बचत तिथेच खर्ची पडते.

झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांची खनिजं) हे तिसरं नाव तुम्हाला वाचनात दिसेल. त्यांची पकड सैल, म्हणून सोडवणं स्वस्त. पण त्यांना कार्बन डायऑक्साइडपेक्षा पाणी जास्त आवडतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिओलाइटनेच हवा साफ करतात, पण आधी हवा कोरडी करून. बाहेरची लाखो घनमीटर हवा कोरडी करणं म्हणजे मूळ कामापेक्षा मोठं काम अंगावर घेणं. थंड, कोरड्या जागी त्याला अर्थ आहे. बाकी ठिकाणी मला दिसत नाही.

भट्टीच नको असेल तर एक सरळ वाट उरते, ती म्हणजे ज्या खनिजातला कॅल्शियम-मॅग्नेशियम मुळात कार्बोनेटमधून आलेलाच नाही ते वापरणं. ऑलिव्हीन, सर्पेंटाइन, ब्रुसाइट ही मॅग्नेशियमची खनिजं, काही प्रकारची खाणीतली गाळमाती. १९९० मध्ये वॉल्टर झायफ्रिट्झ यांनी सिलिकेट खडकांत कार्बन डायऑक्साइड बांधण्याची कल्पना मांडली. शुद्ध मॅग्नेशियम ऑलिव्हीनचा एक टन कमाल ०.६२ टन वायू कायमचा धरू शकतो, आणि तो पुन्हा सोडवायचा नसल्यामुळे चार गिगाजूलचा प्रश्नच येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या माउंट कीथ या निकेल खाणीच्या टाकाऊ गाळात कोणी काही न करता वर्षाला ४० हजार टनांच्या आसपास शोषलं जातं, असं मोजमाप २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याचं श्रेय मुख्यतः गाळातल्या ब्रुसाइटला, कारण सिलिकेट स्वतः फार हळू विरघळतं. ट्रेसीच्या प्लांटची क्षमता एक हजार टन आहे, हे इथे लक्षात घ्या. अडचण अशी की असा दगड जिथे आहे तिथेच काम करावं लागतं, आणि किती शोषलं हे मोजणं चुन्याच्या चक्रापेक्षा खूप कठीण आहे. भट्टीतून निघालेला वायू मीटरवर मोजता येतो. उघड्या गाळातला नाही.

आता ‘मोठ्या प्रमाणावर होईल का’ याचं उत्तर. जग इंधन जाळून आणि सिमेंट करून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडतं. म्हणजे सेकंदाला हजार टनांहून जास्त. हजार टनांच्या प्लांटची वर्षभराची पकड एका सेकंदाच्या आत परत हवेत जाते. वर्षाला शंभर कोटी टन या पद्धतीने काढायचे तर २२७ कोटी टन चुनखडी दरवर्षी भाजावी लागेल, आणि त्यातून निघणारा चुना आजच्या जागतिक चुना उत्पादनाच्या जवळपास तिप्पट असेल. दगडाची टंचाई नाही. भट्ट्या उभारणंही अशक्य नाही, सिमेंट उद्योगाने असलं काम केलेलं आहे. कमतरता आहे ती स्वच्छ विजेची: शंभर कोटी टनांना दीड लाख कोटी युनिट, तेही नुसत्या भट्टीला. त्यामुळे माझं उत्तर असं: विमानं, शेती, काही रसायनं यांचा जो भाग काही केल्या थांबत नाही, तेवढ्यासाठी ही पद्धत पुढच्या काही दशकांत उपयोगी ठरेल. कोळसा जाळत राहून मागून चुन्याने पुसायचं, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

राहिला प्रोजेक्ट. भट्टीच्या वाटेला जाऊ नका, कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती शिकवण्यापेक्षा त्रासच जास्त देते. ओलाव्याचा अभ्यास करा. एकच चुना, तीन-चार जाडीचे थर, वेगवेगळ्या क्षारांच्या संपृक्त द्रावणांवर बंद डब्यात ठेवून वेगवेगळी आर्द्रता. डब्यातला कार्बन डायऑक्साइड संपून जातो, म्हणून ताजी हवा त्याच आर्द्रतेला आणून हळू खेळती ठेवा. दर काही तासांनी नमुना काढा, आणि थराचा वरचा व खालचा भाग वेगळा तपासा. बहुतेक मुलं सगळा थर ढवळून एकच आकडा काढतात आणि त्यातली सगळी गंमत हरवते.

आणि नुसत्या वजनावर विसंबू नका. विरलेल्या चुन्याची पूर्ण चुनखडी झाली की वजन ३५ टक्क्यांनी वाढतं, हे बरोबर. पण तो हवेतलं पाणीही धरतो, आणि सुरुवातीच्या मालात थोडा कळीचा चुना उरला असेल तर तो विरतानाही वजन वाढतं. थर्मोग्रॅव्हिमेट्रिक विश्लेषण (नमुना तापवत त्याचं घटतं वजन मोजणं) मिळालं तर उत्तम: नायट्रोजनमध्ये तापवल्यावर मोकळं पाणी सव्वाशे अंशांच्या आत जातं, विरलेल्या चुन्यातलं पाणी ४०० अंशांच्या आसपास, आणि कार्बन डायऑक्साइड ६०० ते ८०० च्या पट्ट्यात. तीन वेगळ्या पायऱ्या दिसतात. ते यंत्र नसेल तर वजन केलेल्या नमुन्यावर आम्ल टाकून निघणाऱ्या वायूचं आकारमान मोजा. आम्ल मात्र भरपूर घाला, नाहीतर ते आधी चुन्यालाच शमवण्यात संपतं आणि वायू कमी निघतो. सुरुवातीच्या चुन्याचाही असाच एक नमुना पहिल्या दिवशी तपासून ठेवा, कारण दुकानातून आलेल्या पिशवीतला चुना बऱ्याचदा आधीच काही टक्के चुनखडी झालेला असतो.